रूप मस्टँगचं, घोडे मोजून: पोरासाठी जुनी स्पोर्ट्स कार घेताना

जेवताना टेबलावर फोन नको, हा आमच्या घरचा नियम. गेल्या वर्षी मार्चमध्ये लेकानं तो उघडपणे मोडला. ताटाशेजारी फोन ठेवून त्याची स्क्रीन माझ्याकडे फिरवली. फोर्डची लाल मस्टँग जीटी, २०१२ चं मॉडेल. "बाबा, फक्त चौदा हजार!" त्याला सतरा पूर्ण व्हायला चार महिने होते. मी आमटी वाढून घेतली आणि म्हटलं, "कॅमरी बघ." पुढचे तीन आठवडे आमचं बोलणं मीठ-पाणी मागण्यापुरतंच राहिलं.

शेवटी तह झाला. गाडीचं रूप त्याच्या मनासारखं, आकडे माझ्या मनासारखे. त्या तहासाठी जी खटपट केली, ती इथे अमेरिकेत मुलं लायसन्सच्या वयाला आलेल्या आईवडिलांसाठी लिहून ठेवतोय. नियम न्यू जर्सीचे आहेत, कारण आम्ही इथे राहतो. तुमच्या राज्यात ते वेगळे असतील. गाडी बघायची पद्धत मात्र बदलत नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासते. कंझ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक-मासिकाबरोबर ती नवशिक्या मुलांसाठी जुन्या गाड्यांची यादी काढते आणि त्या यादीत स्पोर्ट्स कारला जागा नाही. पोरगा टोयोटा कॅमरी किंवा होंडा सीआर-व्हीसारख्या साध्या घरगुती गाडीला राजी असेल तर हा लेख इथेच सोडा आणि देवापुढे साखर ठेवा. राजी नसेल तर पुढे वाचा. नुसतं 'नाही' म्हटलं की तो मित्राच्या गाडीत बसतो, आणि त्या गाडीचे ब्रेक कुणी बघितलेत हे आपल्याला ठाऊकही नसतं.

आधी घोडे मोजा

जाहिरातीतला रंग आणि चाकं बघण्याआधी दोन आकडे काढा: गाडीचं वजन पौंडात आणि इंजिनची हॉर्सपॉवर. वजनाला हॉर्सपॉवरनं भागा. एका घोड्याला किती पौंड ओढावे लागतात ते कळतं. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी शांत.

हा हिशेब मी लेकालाच करायला लावला. त्याच्या लाडक्या जीटीत ४१२ घोडे आणि वजन साधारण ३,६०० पौंड, म्हणजे एका घोड्याला पावणेनऊ पौंड. आमच्या जुन्या चार सिलिंडरच्या कॅमरीत साडेएकोणीस. हे दोन आकडे शेजारी-शेजारी आल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला. माझी व्याख्यानं ऐकून कधी बसला नव्हता.

मी रेघ आखली साडेतेरावर. त्याखालची गाडी बघायलाही जायचं नाही. साडेतेरा हा काही शास्त्रातला आकडा नाही, माझा आहे. तुम्ही पंधरा धरा, पण जाहिराती उघडण्याआधी धरा. गाडी समोर आली की रेघ पुसट होते, बापाचीसुद्धा.

मग वर्ष बघा: २०१२

जुन्या गाडीत एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल बघा. वळणावर गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते, इंजिनचा जोर कमी करते आणि गाडीचं नाक पुन्हा रस्त्याकडे वळवते. चालवणाऱ्याला कळायच्या आत. एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात यामुळे जवळजवळ निम्म्यानं कमी होतात, असं आयआयएचएसच्या अभ्यासात दिसलं. नवशिक्या मुलाचा जीवघेणा अपघात पुष्कळदा तसलाच असतो: ओला रस्ता, जास्त वेग, रॅम्पचं वळण आणि झाड.

अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक प्रवासी गाडीत ही यंत्रणा सक्तीची आहे. त्याआधी प्रत्येक कंपनीचं वर्ष वेगळं. मस्टँगमध्ये ती २०१० पासून सगळ्या गाड्यांत आली. माझ्दा मियाटात बराच काळ ती जादा पैसे मोजून घ्यावी लागे. २०१२ च्या आधीची गाडी असेल तर विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. किल्ली फिरवा आणि डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र क्षणभर पेटून विझतं का ते बघा. यंत्रणा बंद करायचं बटणही कुठेतरी असतं. ते शोधून ठेवा, त्याच्याबद्दल पुढे बोलायचंय.

वजनाची एक खालची मर्यादाही आहे. आयआयएचएस २,७५० पौंडांखालच्या गाड्या मुलांसाठी सुचवत नाही, कारण समोरून पिकअप ट्रक आला की भौतिकशास्त्र कुणाची गय करत नाही. मियाटा तिथेच बाद होते, साधारण अडीच हजार पौंड. मला वाईट वाटलं, कारण तिचा स्वभाव गोड आहे. कापडी छताची कुठलीच गाडी नको. डोक्यावर कापड असताना गाडी उलटली तर काय, हे लिहायलाही नको वाटतं.

कोणत्या गाड्या उरतात

एवढ्या चाळणीनंतर आमच्या बजेटात तीनच उरल्या.

पहिली सुबारू बीआरझेड आणि तिची जुळी बहीण सायन एफआर-एस, २०१३ पासूनची. घोडे २००, वजन २,७६० च्या आसपास, म्हणजे दोन्ही रेघा जेमतेम ओलांडते. सुरुवातीच्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी रिकॉल होता (म्हणजे दोष निघाल्यावर कंपनी गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करते) आणि त्यासाठी इंजिन उघडावं लागे. ते काम झालंय का, कुठे झालं आणि त्यानंतर गाडी किती मैल चालली, याचे कागद मागा. कागद नसतील तर पुढची गाडी. दुसरी अडचण अशी की या गाड्या पोरांच्याच हातून पोरांच्या हातात फिरतात. बिनाछेडछाडीची सापडायला चिकाटी लागते.

दुसरी फोक्सवॅगन जीटीआय, २०१० ते २०१४ ची. दोनशे घोडे, तीन हजार पौंडांवर वजन आणि इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर. बर्फात हा मोठा फरक. पुढची चाकं ओढणारी गाडी घसरली तर नाकासमोर सरळ जाते, पोरगा घाबरून पाय उचलतो आणि ती बरीचशी सावरते. मागच्या चाकांवर चालणारीचं शेपूट सुटतं, ते सावरायला हात तयार लागतात. या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, कच्चा निघाला होता आणि तो तुटला की इंजिन गेलंच समजा. बदललेला असेल तर पावती बघा, नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. माझं स्वतःचं मत विचाराल तर तिघींत शहाणी हीच. पण लेकाच्या मते ती "दूधवाल्याची गाडी" होती.

तिसरी २०१० ची मस्टँग, व्ही-६. ही सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठलो. त्या एकाच वर्षी योग जुळलाय: स्टॅबिलिटी कंट्रोल आलेलं आणि इंजिन अजून जुनंच, चार लिटरचं, अवघे २१० घोडे. एका घोड्याला सोळा पौंड! पुढच्याच वर्षी फोर्डनं नवीन व्ही-६ घातलं आणि घोडे ३०५ झाले. बाहेरून तोच रुबाब, तोच गुरगुरणारा आवाज. बॉनेटखाली मात्र म्हातारा, सरळमार्गी बैल. या इंजिनात ऐकायचं काय, तर थंड असताना सुरू केल्यावर येणारा दोन-तीन सेकंदांचा खडखडाट. तो टायमिंग चेनचा असतो आणि मागच्या बाजूची चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगायचं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचा. गरम लागलं तर काहीतरी लपवलंय.

बाकीच्या झटपट. माझ्दा आरएक्स-८: रोटरी इंजिन, तेल पिते, नको. निसान ३५०झेड, ३७०झेड: घोडे फार. २०१० नंतरची कॅमरो: व्ही-६ लाही तीनशेच्या वर घोडे, आणि आत बसलं की पोस्टाच्या पेटीच्या फटीतून जग बघितल्यासारखं वाटतं.

घरबसल्या कागद

गाडी बघायला जाण्याआधी तिचा सतरा अक्षरी व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख-क्रमांक, मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला.

तो नंबर एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या साइटवर टाकला की राहिलेले रिकॉल फुकटात दिसतात. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. फुगताना त्यांचे धातूचे तुकडे उडून माणसं दगावली आणि कोट्यवधी एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या. २००५ ते २०१४ च्या मस्टँगही त्यात आहेत. दुरुस्ती डीलरकडे फुकट होते, पण जुन्या गाडीच्या तिसऱ्या-चौथ्या मालकापर्यंत ते पत्र पोचतच नाही. आधी ते काम, मग किल्ली.

मग गाडीचा जुना इतिहास सांगणारा कारफॅक्स किंवा तसा रिपोर्ट. त्यात 'सॅल्व्हेज' (मोडीत काढलेली), 'रीबिल्ट' (मोडीतून पुन्हा उभी केलेली) किंवा 'फ्लड' (पुरात बुडालेली) यांपैकी एक शब्द दिसला की बंद करा, किंमत कितीही गोड असो. रिपोर्ट कोरा आला म्हणून हुरळूनही जाऊ नका. अपघात विम्यात आणि पोलिसांत गेलाच नसेल तर तो रिपोर्टात कुठून येणार?

लॉटवर: पट्टा शेवटपर्यंत ओढा

आम्ही बघितलेली पहिली मस्टँग एका छोट्या डीलरकडे होती. चकाचक पॉलिश, आत व्हॅनिलाचा वास. इतका वास की शंका यावी. आमच्या मेकॅनिकनं फोनवर एकच युक्ती सांगितली होती. मागच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट ओढत गेलो, नेहमीच्या लांबीच्या पुढे, रीळ संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, चहाचा कप कागदावर ठेवल्यावर उमटते तशी. बोटानं घासली तर बारीक माती हाताला आली. सीटा धुता येतात, कार्पेट बदलता येतं, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या टोकाशी कुणी जात नाही. न्यू जर्सीत २०१२ साली सँडी वादळ येऊन गेलं आणि २०२१ च्या सप्टेंबरात आयडा. त्या वयाची गाडी दोन्हींतून गेलेली असू शकते. पुरात बसलेल्या गाडीची एअरबॅगची वायरिंग कधी दगा देईल, सांगता येत नाही. डीलरला काही न बोलता आम्ही निघालो. परतताना लेकानं गाडीत गाणी लावली नाहीत.

तेव्हापासून क्रम ठरला. आधी पट्टे. मग डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा: गाळ, गंज, मुरडलेला पत्रा. मग बॉनेट आणि दारांमधल्या फटी: दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. डाव्या फटीत नख जातं आणि उजवीकडे बोट, तर गाडी कधीतरी ठोकलीय.

मग किल्ली 'ऑन'ला, इंजिन बंद. एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटून राहिला तर बिघाड. मुळात पेटलाच नाही तर त्याहून वाईट, कुणीतरी दिवाच काढलाय. आमची दुसरी गाडी इथे बाद झाली. मालक म्हणाला, "फ्यूज असेल." असेलही, पण ते शोधायचं काम माझं नव्हतं.

वीस-पंचवीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं छोटं यंत्र, खिशात ठेवा. इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर काही लोक गिऱ्हाईक यायच्या आधी बॅटरीची वायर काढून तो घालवतात. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' नावाचं पान असतं. तिथे बरेचसे 'नॉट रेडी' दिसले तर कालपरवाच काहीतरी पुसलंय, असं समजा.

आणि छेडछाड. खाली बसवलेल्या स्प्रिंगा, 'ट्यून' केलेलं इंजिन, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गायब, बाजारातून आणून बसवलेलं एअरबॅग नसलेलं स्टीअरिंग. यांतलं काहीही दिसलं तर नमस्कार करून निघा. गाडी कशी पळवली गेलीय, ते तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

मेकॅनिक

न्यू जर्सीच्या काचेवरचा इन्स्पेक्शनचा स्टिकर बघून निर्धास्त होऊ नका. २०१० पासून खाजगी गाड्यांचे ब्रेक, स्टीअरिंग वगैरे राज्य तपासतच नाही, फक्त धूर तपासते. हे इथे वीस वर्षं राहिलेल्या लोकांनाही माहीत नसतं.

म्हणून शे-दीडशे डॉलर देऊन आपल्या ओळखीच्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवा. विकणाऱ्यानं सुचवलेल्या गॅरेजात नको. ब्रेक लाइनींचा गंज मुद्दाम बघायला सांगा. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि पंधरा वर्षांच्या गाडीत ते आधी त्या बारीक नळ्या खातं. विकणारा लिफ्टला 'नाही' म्हणाला तर तेच उत्तर समजा.

पैसे देण्याआधी विमा

व्हिन नंबर हातात असतानाच विमा एजंटला फोन करा. मस्टँग नावाला जादा प्रीमियम लागतो, मग आत २१० घोडे असोत की चारशे. आमच्याकडे जीटीआय आणि मस्टँगमधला फरक एवढा निघाला की लेकानं उन्हाळ्यात नोकरी धरून तो स्वतः भरायचं कबूल केलं. शाळेत चांगले मार्क असतील तर बहुतेक कंपन्या सूट देतात. विचारल्याशिवाय देत नाहीत.

लायबिलिटीत, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्यात, मात्र कंजूषी नको. राज्याची किमान मर्यादा २०२६ पासून एका माणसाच्या इजेसाठी ३५,००० डॉलर आणि एका अपघातासाठी ७०,००० झाली. इथलं हॉस्पिटलचं बिल ज्यानं एकदा बघितलंय त्याला हे आकडे किती तोकडे आहेत ते कळेल. घर नावावर असेल तर ही मर्यादा संपल्यावर पुढचं भरणारी अंब्रेला पॉलिसी वरून घ्या.

टायर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण काळे गोल टायर सगळे सारखेच दिसतात. टायरच्या बाजूला 'डॉट' अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदला, रबर कडक झालेलं असतं. स्पोर्ट्स कारला पुष्कळदा उन्हाळी टायर असतात. पारा ४५ फॅरनहाइटखाली गेला की त्यांची पकड सुटत जाते, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबरपासूनच. चार नवे ऑल-सीझन टायर बजेटात आधीच धरा. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल आणि बर्फातही न्यायची असेल तर विंटर टायरचा वेगळा सेट. आम्ही सोपं केलं. बर्फ पडला की मस्टँग घरी, कॅमरी बाहेर.

घरी आणल्यावर

तिसरी मस्टँग जमली. चंदेरी, अठ्ठ्याहत्तर हजार मैल, एका निवृत्त बाईंची. ग्लोव्ह बॉक्समध्ये तेल बदलल्याची प्रत्येक पावती तारखेनं लावलेली. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, माझ्या नावावर केलं. नंबरप्लेटच्या कोपऱ्यात लाल स्टिकर लागलं. एकवीसच्या आतल्या प्रोबेशनरी, म्हणजे अटींवर लायसन्स मिळालेल्या नवशिक्या, चालकाला ते इथे सक्तीचं आहे. गाडी लाल मिळाली नाही तरी तेवढं लाल मिळालं, असं बायको म्हणाली. लेकाला ते आवडलं नाही.

प्रोबेशनरी लायसन्सवर रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी नाही, आई किंवा वडील गाडीत नसतील तर एकच प्रवासी आणि फोन हातात नाही की हँड्सफ्रीही नाही. त्यावर आमच्या घरच्या तीन अटी. स्टॅबिलिटी कंट्रोलचं बटण दाबायचं नाही, कधीच. मित्राला चालवायला द्यायची नाही. आणि उशीर झाला तर फोन करायचा, मी घ्यायला येईन आणि त्या रात्री काही विचारणार नाही. तिसरी अट पाळणं मलाच जड जातं.

मग पहिल्या पावसाची वाट बघितली. रविवारी सकाळी शाळेचं मोठं पार्किंग रिकामं होतं. दोघं मस्टँगमध्ये, ताशी तीस मैल, आणि मी म्हटलं, "दाब! लाथ मारल्यासारखा दाब." त्यानं ब्रेक दाबला, चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसनं पायाखाली पेडल थरथरवलं आणि त्यानं दचकून पाय उचलला. बहुतेक सगळेच उचलतात. मारुती ८०० वर शिकलेल्या माझ्या पिढीला तर ब्रेक सोडून-सोडून मारायचीच सवय. दुसऱ्यांदाही उचलला. तिसऱ्यांदा दात आवळून दाबून धरला आणि गाडी पांढऱ्या रेघेच्या आत, सरळ, थांबली. मग तेच करत डावीकडे वळायला लावलं, मग उजवीकडे. अर्ध्या तासानं त्यानं मला म्हटलं, "बाबा, आता तुम्ही करून दाखवा."

मी दाबला. पेडल थरथरलं आणि माझा पाय उचलला गेला.